हरेश साउंडवाल्याचा उजवा कान

कोन गावात ‘हरेश म्हात्रे कुठं राहतात’ असं विचारलंत तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. म्हात्रे तिथं पैशाला पासरी, त्यात हरेशही दोन-चार निघतील. पण ‘हरेश साउंडवाला’ म्हणा, की शाळेतलं पोरही तुम्हाला पत्र्याच्या गोदामापर्यंत आणून सोडतं. गोदामात छतापर्यंत स्पीकरचे काळे डबे रचलेले. खाली बेस, वर टॉप, मधे वायरींची भेंडोळी, आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला, चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला, दाढी मात्र नीट कोरलेला माणूस. पनवेलपासून उरणपर्यंतच्या हळदी ह्या माणसाच्या डब्यांवर नाचतात. मोसमात तो हळदीची गाणी इतकी वाजवतो की झोपेतही त्याचा पाय त्याच तालावर हलतो, असं त्याची बायको समीक्षा सांगते.

आणि हा माणूस स्वतः काय ऐकतो, तर मेटलकोअर.

हे काय प्रकरण आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. कोनमध्येही ते हरेश सोडून कुणाला माहीत नाही. खालच्या सुरात लावलेल्या जडशीळ गिटारी, ड्रमवर दोन्ही पायांनी चाललेली कुटाई, गाणारा घसा खरवडून ओरडतोय, मधेच कुणीतरी गोड गळ्यानं दोन ओळी गाऊन जातं, आणि मग सगळी वाद्यं एकदम संथ होऊन घणाचे घाव घालावेत तशी आदळतात. ह्या शेवटच्या प्रकाराला जाणकार ब्रेकडाउन म्हणतात. समीक्षा ‘डबे पडले’ म्हणते. लग्न झाल्यापासून तिनं हे संगीत भिंतीपलीकडून जेवढं ऐकलं तेवढंच, आणि तेवढं तिला पुरे झालं होतं.

हरेशला हे वेड लागलं ते धंद्यातूनच. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो जासईच्या दयाराम साउंडवाल्याच्या हाताखाली डबे उचलायचा. पुढं स्वतःचे चार डबे झाल्यावर खारघरच्या एका कॉलेजनं त्याला स्नेहसंमेलनाला बोलावलं. तिथं मुंबईचा एक बँड आला होता. पोरं सगळी काळ्या टी-शर्टातली, बोलायला अगदी गरीब गाय. पहिलं गाणं सुरू झालं आणि गाणाऱ्यानं तोंड उघडताच हरेशचं धाबं दणाणलं. माईक फाटला! तो धावत स्टेजवर गेला, गाणाऱ्याच्या हातातला माईक काढून घेतला, नवा दिला. त्यातूनही तोच खरखराट. हरेशनं तोही बदलला. तिसऱ्या माईकच्या वेळी गाणारा हसायलाच लागला आणि त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, ‘दादा, माईक ठीक है. मैं ही ऐसा हूँ.’ सगळं कॉलेज टाळ्या वाजवत होतं. हरेश तोंडात मारल्यासारखा मिक्सरपाशी येऊन उभा राहिला आणि पुढचा तासभर हललाच नाही. एवढा मोठा आवाज, आणि त्यात प्रत्येक वाद्य वेगळं, जागच्या जागी. असं काम त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

त्या दिवशी त्याच्याशेजारी दोन माणसं उभी होती. एक म्हणजे कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या अरुंधती मॅडम. आता त्या निवृत्त आहेत, पनवेलच्या तलावापाशी राहतात, मोगऱ्याचा गजरा माळतात आणि जगातलं सगळ्यात कर्कश संगीत ऐकतात. दुसरा त्यांचा तेव्हाचा विद्यार्थी अपूर्व, जो आता कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. त्या तिघांचं त्या दिवसापासून जमलं. दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तिघं हरेशच्या गोदामात बसतात आणि ज्यानं-त्यानं आपले वर्षातले दहा आवडते अल्बम सांगायचे. नियम एकच. कागद किंवा मोबाइल बघून सांगायचं नाही. जो अल्बम ऐन वेळी तोंडावर येत नाही तो वर्षातला नव्हेच, असं मॅडमचं म्हणणं.

नावांचा मात्र हरेशनं आपल्यापुरता बंदोबस्त केला होता. इंग्रजी नावं त्याच्या जिभेवर बसत नसत. तेव्हा अल्बमच्या चित्रावरून तो नाव पाडायचा. ‘जळकी विहीर’, ‘तीन कावळे’, ‘गंजका पंखा’. बँडांनाही तसंच. बंगलोरचे चौघं म्हणजे ‘दाढीवाले’. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा समुद्रकाठच्या गावातले पाच जण म्हणजे ‘समुद्रवाले’. मॅडम आणि अपूर्वही हळूहळू हीच नावं घ्यायला लागले. समुद्रवाले हरेशचे जीव की प्राण. आपल्यासारखेच खाऱ्या पाण्याकाठचे आहेत, असं तो म्हणायचा. त्यांचा नवा अल्बम ह्या वर्षी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर येणार होता. चित्र आधीच जाहीर झालेलं. पांढरेशुभ्र चौकोन, त्यांच्या मधून बांध, वर करडं आभाळ. हरेशच्या बापानं जन्मभर मिठागरात पाय भाजून घेतले होते. त्यानं ते चित्र पाहिलं आणि अल्बमला नाव दिलं, ‘मिठागर’.

तर ज्या दिवशी ‘मिठागर’ आला, त्या दिवशी हरेशनं गोदामाचं शटर अर्धं ओढलं, हेडफोन डोक्याला लावला आणि डोळे मिटले.

हा हेडफोन त्यानं हौसेनं घेतला होता. चांगला जाड गादीचा, वायरवाला. धंद्यातही तोच. पुढचं गाणं लावण्याआधी मिक्सरपाशी त्याचा एक कान लावून ऐकायचं, आणि मग लोकांवर सोडायचं. पण खरं संगीत, म्हणजे त्याच्या मते खरं, तो ह्या हेडफोनवरच ऐकायचा. घरी समीक्षा, गोदामाशेजारी पाटलांची म्हातारी, त्यामुळे मोठ्या डब्यांवर ते लावायची सोय नव्हती. टेम्पोतला एक स्पीकर केव्हाच गेलेला, आणि दुसराही जायच्या वाटेवर होता.

पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. हरेशनं डोळे उघडले. गाणी मेली होती. झांजांची धार नाही, गिटारी ओल्या गोणपाटात गुंडाळल्यासारख्या, आणि सगळा भार डावीकडे. उजवीकडून जे काय येत होतं ते उशीखालून यावं तसं. त्यानं अल्बम शेवटपर्यंत ऐकला, कारण समुद्रवाल्यांचा होता. मग अपूर्वला फोन करून म्हणाला, “ह्यांचं संपलं. पैसा आला की असंच व्हतं.” अपूर्वला बिचाऱ्याला ‘मिठागर’ ऐकताना रस्त्यात गाडी थांबवावी लागली होती, पण हरेशदादाच्या कानापुढे बोलायची त्याची हिंमत नव्हती.

मग ‘जळकी विहीर’ आला, तोही तसाच. दाढीवाल्यांचाही तसाच. श्रावणात हरेशनं जुना एक अल्बम लावला, जो त्याला श्वासासकट पाठ होता. तोही उशीखालून आला.

तेव्हा हरेशनं हेडफोन काढून उजवा कान चोळला. गाणी बिघडली नव्हती.

आता हळदीच्या साउंडला डावं-उजवं नसतं, हे सांगायला हवं. मांडवाच्या दोन्ही बाजूंनी एकच आवाज येतो, नाचणाऱ्यांना काय करायचंय दुसरा! त्यामुळे धंद्यावर उभं असताना एक कान कमी पडला तरी कळायचं काही कारण नाही. फोन हरेश डाव्या कानाला लावायचा, सवयच ती. आणि हळद वाजवून घरी आलं की उजव्या कानात तासन्‌तास कीं वाजत राहायचं, कारण मिक्सर मांडायची त्याची जागा ठरलेली, आणि त्या जागी डब्यांची भिंत उजव्या हाताला. इतकी वर्षं ते कीं वाजणं त्यानं धंद्याचा भाग म्हणून सोडून दिलं होतं. आता एकेक गोष्ट जुळायला लागली आणि प्रत्येक गोष्ट त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती.

एका रविवारी तो जासईला दयारामदादाकडे गेला. दयारामदादा ओट्यावर बसला होता. आता त्याच्याशी बोलायचं म्हणजे समोर जाऊन, ओठ दिसतील असं, ओरडून बोलावं लागतं. कानाचं मशीन पोरांनी आणून दिलेलं, ते तो कपाटात ठेवून देतो. हरेशनं इकडच्या-तिकडच्या चार गोष्टी केल्या, आणि मग सहज विचारल्यासारखं ओरडून विचारलं, “दादा, तुमच्या कानाचा पयला कसा सुरू झाला हो?”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट बघितलं. “पयल्या झांजा गेल्या,” तो म्हणाला. “मग एक बाजू उशीखाली गेल्यासारखी झाली. मना वाटला, डबा खराब हाय. दोन डबे फुकट खोलले.” आणि हसला. हरेश चहा अर्धाच टाकून उठला.

आता साउंडवाल्यांची एक साधी रीत आहे. एका बाजूचा आवाज गेला की दोन वायरी उलट-सुलट करून लावायच्या. बिघाड दुसऱ्या बाजूला सरकला तर मागे कुठंतरी दोष, जागच्या जागी राहिला तर डबा खराब. हरेशनं ही युक्ती आयुष्यात किती वेळा केली असेल त्याला गणती नाही. हेडफोनला तर वायरही हलवावी लागत नाही. नुसता उलटा घालायचा. उजवीकडचा डाव्या कानावर, डावीकडचा उजव्या कानावर. निकाल एका क्षणात. कुणाही गिऱ्हाइकाला त्यानं हेच सांगितलं असतं, आणि वर ‘एवढं पण नाय बघितला?’ म्हणून हसला असता.

पण त्यानं तो उलटा घातला नाही. चार-पाचदा हातात घेतला, आणि परत सुलटाच घातला. उलटा घातला, आणि बिघाड जागचा हलला नाही, तर? मग नक्कीच झालं. तोवर निदान नक्की तरी नव्हतं. कानाच्या डॉक्टरच्या दारावरून तो पनवेलमध्ये दोनदा टेम्पो हळू करून गेला आणि दोनदा पुढं निघून गेला. दोनशे किलोचा डबा एकट्यानं हलवणारा हा बाबा दोन गाद्या आणि एका पट्टीला भ्याला. त्याला हसायचं तर हसा, पण आपल्या पोटातल्या भीतीपुढे आपण सगळे असेच वागतो.

भीती दोन्हीकडून होती. कान गेला तर धंदा गेला, कारण साउंडवाल्याचं दुसरं भांडवल काय असतं? डब्यांना गिऱ्हाईकही तयार होतं, त्यानं आडून-आडून चौकशी करून ठेवली होती. पण धंद्यापेक्षा दुसरी गोष्ट त्याला आतून खात होती. ती कुणाला सांगायची सोय नव्हती. बायकोला काय सांगणार, की मला आता ओरडणाऱ्या लोकांची गाणी नीट ऐकू येत नाहीत म्हणून मला रडू येतं? त्यानं सगळं मूग गिळून सोसलं. बोलणं कमी केलं. अरुंधती मॅडमचा दिवाळीत फोन आला तेव्हा म्हणाला, “ह्या वर्षी एक पन अल्बम धड नाय, मॅडम. दहा कुठून आणू?” मॅडम म्हणाल्या, “असं म्हणता?” आणि लगेच फोन ठेवला.

डिसेंबर आला. हळदी पुन्हा सुरू झाल्या. शेवटचा रविवार जवळ आला तसा हरेश कासावीस व्हायला लागला. दहा अल्बम सांगायचे कुठून? खोटे सांगायचे म्हटलं तरी मॅडम एका प्रश्नात पकडतील. आणि खरं सांगायचं तर कान सांगावा लागेल.

त्या रविवारच्या आदल्या रविवारची गोष्ट. दुपारची वेळ. समीक्षानं बोंबलाचं कालवण केलं होतं, जेवणं झाली होती. ती खाली बसून वाल सोलत होती. हरेश हेडफोन हातात घेऊन तिच्यासमोर येऊन बसला.

“एक काम करशील?” तो म्हणाला.

“काय?”

“हा लाव कानाला. एक गाणं ऐक. आनि मना सांग, कसा हाय ते.”

समीक्षानं वाल सोलायचं थांबवलं. “मी? तुमचा ता डबे पडल्याचा गाना?”

“ऐक ना गो.”

त्याच्या डोक्यात काय होतं ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. आपल्याला येत नाही तर निदान घरातल्या कुणाच्या तरी कानातून ते गाणं जावं, आणि तिनं सांगितलेलं आपण पुढं सांगावं, असं काहीसं. बुडत्याचे विचार फार सरळ नसतात. समीक्षानं त्याचा चेहरा बघितला. चेष्टा करायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं, पदराला हात पुसले आणि हेडफोन घेतला.

तो लावताना तिनं नाक मुरडलं. “हलदीचा वास येतंय.”

“येनारच. माझ्या सगल्या सामानाला येतं.”

“तसा नाय,” समीक्षा म्हणाली. तिनं हेडफोन काढला, डावी गादी हुंगली, मग उजवी हुंगली. “ह्याला नाय. ह्या एकालाच. वाटीत नाक घातल्यावानी.”

तिच्या हातातून हरेशनं हेडफोन घेतला आणि उजव्या गादीच्या कडेला नख घालून ती उपसली. आत एक काळं कापड असतं, त्याच्यामागे आवाज काढणारी चकती. कापड काळं नव्हतं. पिवळं होतं, आणि त्यावर पापडासारखा कडक थर बसला होता. अख्खा थर, कडेपासून कडेपर्यंत. नखानं टोकरला तर त्याचा तुकडा निघून समीक्षाच्या वालांत पडला.

तेलातली हळद! हळदीच्या दिवशी नवऱ्याच्या मावश्या-आत्या मांडवातल्या कुणालाच सोडत नाहीत. नवऱ्याला लावून झाली की जावयांना, मग फोटोवाल्याला, आणि शेवटी हमखास साउंडवाल्याला. हरेशचे दोन्ही हात मिक्सरवर गुंतलेले, त्याला पळताही येत नाही. गालाला, मानेला, कानाला मूठभर हळद. आणि तसाच तो पुढचं गाणं ऐकायला हेडफोन कानाला लावतो. धंद्यावर नेहमी उजवाच, कारण डावा कान मांडवाकडे ठेवायचा असतो. अख्खा मोसम, दर हळदीला थोडी-थोडी. वरून गादी तो घरी आल्यावर पुसायचा, लखलखीत. गादीच्या आत बघायचं त्याला कधी सुचलंच नाही. ज्याच्या अंगालाच अर्धं वर्ष हळदीचा वास, त्याला तो वेगळा काय येणार?

हरेशनं तो थर कापसानं आणि कोमट पाण्यानं सोडवला. कापड धुतलं, पंख्याखाली धरलं, वाळायची वाट बघवेना म्हणून समीक्षाचा केस वाळवायचा ड्रायर आणला. ती बघत होती, आणि तिला काहीच कळत नव्हतं. नवरा घामाघूम झालाय, एवढं मात्र दिसत होतं.

गादी बसवून त्यानं हेडफोन डोक्याला लावला. ‘मिठागर’मधलं पहिलं गाणं.

झांज वाजली. उजवीकडे, स्वच्छ, चांदीच्या ताटलीवर चमचा आपटावा तशी. मग गिटारी आल्या. हरेशला आता समजलं की त्या दोन होत्या, आणि अख्खं गाणंच त्या दोघींच्या बोलण्यावर रचलेलं होतं. डावी विचारते आणि उजवी उत्तर देते. जूनपासून तो नुसते प्रश्नच ऐकत बसला होता. पावसाळ्याच्या तोंडावर ज्यांना त्यानं संपले म्हणून मोडीत काढलं, त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं होतं, आणि ते त्याच्या उजव्या कानात धो-धो कोसळत होतं.

त्याचा जीव भांड्यात पडला. तो रडायला लागला. अगदी हमसून, खांदे हलवत, हेडफोन डोक्यावर तसाच.

तेवढ्यात त्याला मॅडमची आठवण झाली, आणि त्यानं डोळे पुसत तिथल्या तिथं फोन लावला. “मॅडम, वर्ष चांगला हाय! लय चांगला हाय! माझ्या हेडफोनमंदी हलद बसलीवती!” पलीकडे मॅडम एकदम हसत सुटल्या. मग म्हणाल्या, “हरेश, तुम्ही माझी झोप उडवली होतीत. मला ह्या वर्षी पंधरा अल्बम आवडलेत. तुम्हाला एकही नाही म्हटल्यावर मला वाटलं, वयानं माझाच कान गेला, आता मला काहीही चालतं. मी तर यायचं रद्दच करणार होते.” येताना गाजर हलवा आणते म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कानाच्या डॉक्टरचंही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला हुरहूर लागेल. दोन दिवसांनी समीक्षा त्याला ओढतच घेऊन गेली. दोन्ही कान सारखे निघाले. वय आणि धंदा ह्यांनी दोन्हींतून थोडं-थोडं नेलंय, ते परत येणार नाही, पण उरलंय ते पुष्कळ आहे, ते सांभाळा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता हरेश हळदीला कानात बोळे घालून उभा राहतो आणि मिक्सरची बाजू दर वेळी बदलतो. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी हरेशनं फोन ठेवला तेव्हा समीक्षा त्याच्याकडे बघत होती. वालांचं सूप तिनं बाजूला सारलं होतं.

“तुमी रडलात कशाला?” तिनं विचारलं.

मग त्याला सांगावंच लागलं. पहिल्यांदा वाटलं गाणी बिघडली, मग वाटलं कान गेला. दयारामदादा काय बोलला ते सांगितलं. डबे विकायची चौकशी केली तेही सांगितलं. हेडफोन उलटा घालायला भ्यालो, हे सांगताना तो ओशाळून हसला. समीक्षा हसली नाही.

“जूनपासून?” ती म्हणाली.

“जूनपासून.”

“म्हनून बोलत नव्हता?”

“बोलू काय? तुला उगाच घोर.”

समीक्षानं मान खाली घातली. सुपातले सोललेले वाल ती बोटांनी इकडचे तिकडे करत राहिली. हरेशला वाटलं, ती चिडली. डबे विकायची चौकशी तिला न विचारता केली म्हणून चिडली असणार, आणि तिचं बरोबरच होतं. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात तीच बोलली.

“पावसात तुमी बिछान्यातली बाजू बदललीत,” समीक्षा म्हणाली. “इतकी वर्सं भिंतीच्या अंगाला झोपत होता. एक दिस काय न बोलता उशी उचलून दाराच्या बाजूला गेलात.”

हरेशनं आठवून बघितलं. खरंच होतं. “अगो, ता कानासाठीच,” तो म्हणाला. “भिंतीकडं झोपलो का उजवा कान तुझ्या बाजूला यायचा. तू झोपताना पोरांचा, शाळेचा काय काय बोलतेस. ऐकू आला नाय तर, म्हनून डावा तुझ्याकडं केला.”

“मना वाटला, आता तुमाला माझ्या बाजूला झोपवत नाय,” समीक्षा म्हणाली. “मी तुमाला नको झाले.”

एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला. हरेश बसल्या जागेवरून सरकत तिच्यापाशी गेला. सहा महिने तो स्वतःच्या कानाला जपत बसला होता, आणि हाताच्या अंतरावर ही बाई रोज रात्री हे घेऊन झोपत होती. त्यानं तिचा हात हातात घेतला. वालांच्या चिकट पाण्यानं तो ओला होता.

बऱ्याच वेळानं समीक्षानं नाक ओढलं, डोळे पुसले आणि उठून आतल्या खोलीत गेली. हरेश ऐकत राहिला. आत पलंगावरची चादर झटकल्याचा आवाज आला, मग त्याची उशी उचलून परत भिंतीच्या बाजूला ठेवल्याचा.